फलकावरची नावे आणि दीडची बस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचा हंगाम जवळ आला की खासगी शाळांच्या कुंपणांवर फ्लेक्स चढतात आणि शहर पुरवणीतल्या ‘शाळेचे सुयश’ या चौकटी लांबत जातात. दहावीचा शंभर टक्के निकाल, ऑलिंपियाडमध्ये पन्नास सुवर्णपदके, कराटेत राष्ट्रीय विजेते. हे आकडे खोटे असतात असे आमचे म्हणणे नाही, बहुतेक वेळा ते खरेच असतात. फक्त आकडा कशाचा आणि कितींपैकी, एवढे सांगायचे राहते. त्या न सांगितलेल्यावर विसंबून पालक दहा-बारा वर्षांची फी एका शाळेच्या हवाली करतात. पत्र लांबले आहे. कापायचे झाल्यास आमची मते कापावीत, हिशेब तेवढे राहू द्यावेत.

सुरुवात शिष्यवृत्तीपासून करतो, कारण गोंधळ तिथेच सर्वांत जास्त. राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा १९५४-५५ पासून चालू आहे. मधली काही वर्षे ती पाचवी आणि आठवीला होती, आता पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला आहे. इथले तपशील पाचवी-आठवीच्या परीक्षेचे आहेत. दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषा ५० आणि गणित १००, दुसऱ्यात तृतीय भाषा ५० आणि बुद्धिमत्ता चाचणी १००. प्रत्येक पेपरात ४० टक्के मिळाले की मूल ‘पात्र’ ठरते. ‘शिष्यवृत्तीधारक’ मात्र गुणवत्ता यादीत, ठरलेल्या संचांच्या, म्हणजे मंजूर शिष्यवृत्त्यांच्या संख्येच्या, आत नाव आले तरच. म्हणजे दोन्ही पेपरांत साठ-साठ गुण मिळवणारा पात्र, आणि अडीचशेच्या पुढे जाऊन जिल्ह्याच्या यादीत बसलेला धारक. फ्लेक्सवर दोघेही ‘शिष्यवृत्ती परीक्षेत घवघवीत यश’ याच ओळीखाली हार घालून उभे असतात. पात्र होणे ही लाजेची गोष्ट मुळीच नाही. पण ‘२२ पात्र, ३ शिष्यवृत्तीधारक’ असे लिहायला शाई काही जास्त लागत नाही.

याच परीक्षेतली एक खोच शाळांना माहीत असते आणि तरी मुलांच्या अंगवळणी पडत नाही. आठवीच्या परीक्षेत प्रत्येक पेपरातल्या २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. खासगी बहुपर्यायी परीक्षांवर वाढलेले मूल पहिला बरोबर पर्याय दिसताच गोल भरते आणि पुढे जाते. प्रश्न येत असतो, गुण जातात. सराव घेताना शिक्षकांनी चारही पर्याय तपासायला लावले, एकेक पर्याय का चूक ते तोंडी विचारले, तर महिन्याभरात ही सवय मोडते. दुसरी गळती निकालानंतर होते. पाचवीच्या धारकाला वर्षाला ५,००० रुपये तीन वर्षे, आठवीच्या धारकाला ७,५०० रुपये दोन वर्षे, असे दर अलीकडे झाले आहेत. रक्कम थेट खात्यात जाते. खात्यावरचे नाव आणि शाळेच्या नोंदीतले नाव जुळत नाही, आयएफएससी क्रमांक जुना असतो, मूल शाळा बदलते आणि नवी शाळा माहिती भरायची विसरते, अशा कारणांनी ती अडकून राहते. फ्लेक्सवर झळकलेल्या मुलाचे पैसे वर्षभराने आले की नाही, हे पाहणारा माणूस शाळेत नेमलेला असतो का, एवढे विचारले तरी शाळेचा बराच अंदाज येतो.

एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती, ही आठवीचीच दुसरी परीक्षा. वार्षिक साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी, वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरतीच आहे. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाला, घरची स्थिती कितीही बेताची असली तरी, तिला बसता येत नाही. म्हणून एखाद्या विनाअनुदानित शाळेची आणि शेजारच्या जुन्या अनुदानित शाळेची ‘यशाची यादी’ शेजारी-शेजारी छापली की तुलना आपोआप तिरकी होते. एकीकडे एनएमएमएस असते, दुसरीकडे पैसे भरून द्यायच्या परीक्षा. कोणत्या शाळेला कोणत्या परीक्षेचे दारच नाही, हे वार्ताहराला माहीत असायला हवे.

दहावीचा शंभर टक्के निकाल. २०२५ मध्ये राज्याचाच निकाल ९४.१० टक्के होता आणि २११ मुलांना शंभर टक्के गुण होते. अशा वेळी चाळीस-पन्नास निवडक मुले बसवणाऱ्या शाळेचा शंभर टक्के निकाल ही फार मोठी बातमी राहत नाही. खरी माहिती एका जुन्या आकड्यात असते. जी तुकडी यंदा दहावीला बसली, तिचा नववीच्या सुरुवातीचा पट किती होता? नववीला ११८ आणि दहावीला ९६ असतील, तर मधली २२ कुठे गेली? काहींच्या बापाची बदली झाली असेल, काही घर बदलून गेली असतील. पण काहींना ‘याला बाहेरून बसवा, इथे झेपणार नाही’ असे सांगून १७ नंबरच्या फॉर्मकडे वळवलेले असते. खासगी विद्यार्थी म्हणून अर्ज भरण्याची ती सोय शाळा सुटलेल्या मुलांना परत आणण्यासाठी आहे. शाळेचा निकाल धुऊन काढण्यासाठी नाही. टक्केवारीचेही तसेच. सहा विषयांतल्या उत्तम पाचांची बेरीज ५०० पैकी धरतात, त्यात प्रत्येक विषयातले वीस गुण साधारणपणे शाळेने दिलेले असतात आणि वर कला-क्रीडेचे वाढीव गुण येतात. यात गैर काही नाही, नियमच तसा आहे. मात्र शेजारच्या सीबीएसई शाळेच्या मुलाशी तुलना करताना हे विसरले जाते.

ऑलिंपियाड या शब्दाची तर पार रया गेली आहे. खऱ्या ऑलिंपियाडची वाट अशी. गणितात आयओक्यूएम ही तीन तासांची चाचणी, ३० प्रश्न, १०० गुण, प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या, त्यामुळे अंदाजपंचे गोल भरायची सोय नाही. पुढे प्रादेशिक फेरी, राष्ट्रीय फेरी, शिबिर आणि शेवटी देशभरातून ६ मुले. विज्ञानाच्या बाजूला भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेची पहिली चाळणी, मग मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या फेऱ्या. कनिष्ठ विज्ञानाच्या संघातही देशातून सहाच. ज्यांना शाळा ऑलिंपियाड म्हणतात त्या बहुतेक खासगी संस्थांच्या परीक्षा. नावेही अशी ठेवलेली की आद्याक्षरे जुळावीत. ‘आयएमओ’ म्हटले की पालकाला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड वाटते आणि मूल बसलेले असते आपल्याच वर्गात, आपल्याच बाईंच्या देखरेखीखाली. काही परीक्षांत एका इयत्तेतून दहा मुले बसली आणि किमान गुण मिळाले की त्या शाळेतल्या त्या इयत्तेच्या पहिल्या तिघांना सुवर्ण, रौप्य, कांस्य मिळते. आता हिशेब करा. पहिली ते दहावी, चार विषय, प्रत्येकी एक सुवर्ण, म्हणजे चाळीस सुवर्णपदके शाळेत कोण पहिले आले एवढ्याच बळावर. फी विषयामागे शे-दीडशे, पुस्तक वेगळे, आणि काही ठिकाणी फीतला थोडा वाटा शाळेकडेच राहतो. या परीक्षांनी मुलाला सराव होत असेल तर जरूर द्याव्यात. परंतु ती पदके छापताना ‘शाळांतर्गत क्रमांक’ हा शब्द आला पाहिजे. आयओक्यूएममधून पुढे गेलेले एक मूल या चाळीस पदकांपेक्षा आम्हांला मोठे वाटते, आणि गंमत अशी की ते मूल फ्लेक्सवर नसते, कारण मुख्याध्यापकांना त्या परीक्षेचे नाव ठाऊक नसते.

क्रीडेत तपासायची जागा एकच, प्रमाणपत्रावरची सही. तालुका किंवा शहर, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, ही साखळी क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या मार्फत ती चालते आणि दहावीच्या वाढीव गुणांचा प्रस्तावही शाळेने त्यांच्याकडे पाठवायचा असतो, मग तो मंडळाकडे जातो. आंतरराष्ट्रीय स्तरावर हे गुण २५ पर्यंत जातात. ‘खुली राष्ट्रीय अजिंक्यपद’ म्हणून एखाद्या क्लबने भरवलेल्या, प्रवेशमूल्य भरले की कोणालाही उतरता येणाऱ्या स्पर्धेचा या साखळीशी संबंध नसतो. पालकांना ते कळते फेब्रुवारीत, शाळा प्रस्ताव परत आला म्हणून सांगते तेव्हा.

सावकाश वाढणाऱ्या गोष्टी फ्लेक्सवर क्वचित दिसतात. कला संचालनालयाची इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा घ्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. अ श्रेणीला दहावीत ७ गुण, ब ला ५, क ला ३. स्थिरचित्रातल्या तांब्याची लंबवर्तुळे सरळ यायला दोन वर्षे चित्रकलेचा तास नियमित लागतो. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस जादा तास घेऊन तेवढी श्रेणी सुधारत नाही. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची सहावी आणि नववीची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही अशीच पायऱ्यांची आहे, लेखी, मग प्रात्यक्षिक, शेवटी मुलाखत आणि कृतिसंशोधन प्रकल्प. लेखीत मुले निघतात आणि प्रात्यक्षिकाला गळतात, कारण प्रयोगशाळेत एका टेबलावर आठ जण आणि भिंग एकाच्या हातात. स्काउट-गाइडमध्ये प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार. हे सगळे चार-पाच वर्षांचे काम. ज्या शाळेत या तिन्हींत दर वर्षी पाच-दहा मुले दिसतात, तिथे काहीतरी नीट चालले आहे असे खुशाल समजावे.

केंद्र सरकारच्या इन्स्पायर पुरस्काराबद्दल थोडक्यात, की दहा हजार रुपये मुलाच्या विज्ञानातल्या कल्पनेला मिळतात. व्हिडिओ पाहून केलेल्या त्याच त्या ‘अंधांसाठी काठी’ला मिळाले तरी पुढच्या प्रदर्शनात परीक्षक दोन प्रश्नांत ओळखतात.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टीकडे येतो. निवासी शाळेत मूल संध्याकाळीही शाळेतच असते. आपल्या बहुतेक शाळा दिवसाच्या. तिथे संघ, नाटक, वाद्यवृंद, विज्ञान मंडळ, जे काही ‘शाळेचे जीवन’ म्हणून माहितीपुस्तकात रंगीत छापलेले असते, ते शेवटच्या घंटेनंतरच्या तासा-सव्वातासात घडते. आणि त्या तासावर राज्य बसचे. दीडला घंटा, एक चाळीसला बस. बसने जाणारे मूल सरावाला थांबू शकत नाही. मग संघात कोण येते? शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारे, किंवा ज्यांच्या घरी दुपारी आणायला येईल असे माणूस आणि वाहन आहे ते. मुलींच्या बाबतीत ही चाळणी आणखी बारीक होते. फलकावर तीच ती बारा नावे वर्षानुवर्षे दिसतात, आणि बाकीच्यांना ‘आवड नाही’ असा शेरा मिळतो.

शाळा उशिराची बस का सोडत नाही, याचे कारण साधारणपणे मुख्याध्यापकांच्या हट्टात नसते. बस कंत्राटदाराची, आणि चालकाला दोन वाजता दुसऱ्या शाळेची किंवा कारखान्याची फेरी असते. जुलैत मागणी केली की उत्तर ‘गाडी नाही’ असेच येणार. ही मागणी कंत्राट ठरते त्या मार्च-एप्रिलमध्ये करायला हवी. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि गुरुवार, एकच गाडी, तीस थांब्यांऐवजी दहा-बारा मोठे थांबे, पालकांची लेखी संमती, गाडीत महिला मदतनीस, आणि शालेय परिवहन समितीच्या बैठकीत नोंद. खर्चाचा अंदाज असा. जादा फेरी २,००० रुपयांची धरली, जुलै ते नोव्हेंबर वीस आठवडे धरले, तर चाळीस फेऱ्या, ८०,००० रुपये. सराव करणाऱ्या तीस मुलांवर टाकले तर माणशी २,६६७ रुपये, आणि निम्मी मुले तिथेच गळतात. बस वापरणाऱ्या चारशे मुलांवर टाकले तर वर्षाला २०० रुपये. कोणता मार्ग निवडायचा यावर बैठकीत वाद होईल, होऊ द्यावा.

जिथे जादा गाडी अजिबात जमत नाही तिथे एक सोय अलीकडे अनायासे झाली आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय फेब्रुवारी २०२४ चा. त्यामुळे बऱ्याच शाळांत मोठी मुले साडेसातला येऊन दीडला सुटतात आणि लहान मुले नऊला येऊन अडीच-पावणेतीनला. लहानांच्या बसमध्ये रिकाम्या राहणाऱ्या जागा मोजल्या, तर सरावाची दहा-पंधरा मुले त्याच गाडीतून परत जाऊ शकतात. नववी-दहावीच्या मुलांनी छोट्यांसोबत बसायचे म्हणून नाके मुरडली तरी चालेल.

थांबणाऱ्या मुलाच्या पोटाचे काय, हे कोणी विचारत नाही. सातला घर सोडलेले मूल दहाला डबा खाते. दीड वाजता ते उपाशी असते, आणि ऑगस्टच्या दमट हवेत उपाशीपोटी कबड्डीच्या चढाया करताना पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते. मग ‘खेळाने अभ्यास बुडतो’ म्हणणाऱ्यांना आयते कारण मिळते. सरावाच्या दिवशी दुसरा डबा हवा. पोळीचा रोल, मोडाची उसळ, केळे, असे काहीही, आणि लिटरभर पाणी. पंधरा मिनिटे खाणे, पंधरा मिनिटे सावलीत बसणे, मग अंग मोकळे करून पाऊण तास खेळ. आठवड्यातून दोन दिवसांप्रमाणे सहा आठवड्यांत बारा सत्रे होतात. नऊ तास फार नाहीत, पण स्पर्धेच्या आदल्या तीन दिवसांत वर्ग बुडवून संघ उभा करण्यापेक्षा पुष्कळ बरे.

जागेची सबब नेहमीची. कबड्डीला १३ मीटर बाय १० मीटर जागा लागते, लहान गटांना त्याहून कमी. खो-खोला २७ बाय १६. ज्या आवारात तीन बस उभ्या राहतात तिथे कबड्डी होते.

तरीही आंतरशालेय संघ हे शाळेच्या खेळाचे माप मानू नये, असे आम्ही आग्रहाने म्हणू. पाचवी ते दहावी, तीन-तीन तुकड्या, चाळीस-चाळीस मुले, म्हणजे ७२०. कबड्डीत १४ आणि १७ वर्षांखालील, मुले आणि मुली, असे चार संघ, प्रत्येकी बारा. झाली ४८ मुले. उरलेली ६७२ टाळ्या वाजवायला. त्याच शाळेत चार हाउस, म्हणजे सगळ्या इयत्तांतली मुले वाटून केलेले शाळेतलेच गट, असतील आणि हाउसचे सामने मनापासून घेतले, तर चार हाउस गुणिले चार गट गुणिले बारा, १९२ मुले मैदानात उतरतात. प्रत्येक गटात साखळीचे सहा सामने आणि एक अंतिम, असे सात. चार गटांचे अठ्ठावीस. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटे, संघ बदलायला दहा, म्हणजे सामन्याला सुमारे पस्तीस मिनिटे. शनिवारी चार सामने घेतले की सात शनिवारांत सगळे आटोपते. पंच कुठून आणायचे? एक सरपंच (मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक, दोन सहायक गुणलेखक, सहा जण लागतात. क्रीडाशिक्षक एकच असतो. नववी-दहावीतली न खेळणारी मुले दोन शनिवार शिकवली की गुणलेखन चोख करतात, आणि ज्यांना कोणी संघात घेत नाही त्यांचाही शाळेच्या खेळात हात लागतो. हे सामने पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत घ्यावेत. पुढच्या जुलैचा आंतरशालेय संघ त्यांतूनच निघतो. जुलैमध्ये ‘कोणाकोणाला खेळायचंय, हात वर करा’ म्हणून निघत नाही.

हाउस पाडताना होणारी चूकही सांगून टाकतो. हजेरीपटावरून एक, दोन, तीन, चार असे क्रमाने वाटले की कागदावर समान दिसते, पण पटावर आधी मुलगे मग मुली, आणि काही तुकड्यांत वर्षाच्या मध्ये आलेली सगळी शेवटी. कुठल्यातरी हाउसकडे उंच मुलींचा दुष्काळ पडतो. मुलगे-मुली आणि जन्मवर्ष यांचे वेगळे गट करून मग वाटावे, भावंडांना एकाच हाउसमध्ये ठेवावे, आणि एकदा दिलेले हाउस दहावीपर्यंत बदलू नये. दर वर्षी नवी वाटणी करणाऱ्या शाळेत ‘आमचा रायगड’ असे आपल्या हाउसबद्दल म्हणणारे कोणी तयार होत नाही.

स्नेहसंमेलन. इथे वेळेचे गणित कोणी आधी मांडतच नाही. दहा इयत्ता, तीन तुकड्या, तीस नाच. प्रत्येकी चार मिनिटे आणि रंगमंच रिकामा करून पुढचे उभे राहायला दोन, म्हणजे १८० मिनिटे. भाषणे अर्धा तास. १२० बक्षिसे, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटे. बेरीज २५०. पाचला म्हणून ठेवलेला कार्यक्रम साडेपाचला सुरू होतो, म्हणजे कुठेही न रेंगाळता पावणेदहा, आणि रेंगाळतो तर नेहमीच. दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, म्हणून शेवटच्या दोन तुकड्यांची गाणी अर्ध्यावर कापली जातात, आणि त्या तुकड्या नेहमी दहावीच्या नाहीतर ज्यांचे वर्गशिक्षक भांडत नाहीत त्यांच्या. साडेतीनपासून रंग थापून बसवलेली पहिलीची पोरे आठला झोपलेली असतात. उपाय साधा. बक्षीस समारंभ वेगळ्या सकाळी, पहिली ते चौथी एका दिवशी, बाकीची दुसऱ्या. गाण्यांच्या फाइली दोन पेन ड्राइव्हवर, क्रमांक घालून. आणि नाच झाल्यावर मूल कोणाच्या हाती द्यायचे याची तुकडीच्या रंगाची चिठ्ठी. रंगमंचामागे खरी पळापळ तिथे होते.

पोशाखाचा प्रश्न नाजूक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांतून आलेली मुले आता आठवीपर्यंतच्या सगळ्या इयत्तांत आहेत. खासगी शाळांना त्यातून सूट देणारा फेरबदल उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हा ती पुढेही असतील. तीन-चारशे रुपये भाड्याचा पोशाख, वर रंगभूषेचे पैसे, आणि निरोप वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर. ज्या घरात ते जमत नाही तिथल्या मुलाला त्या दिवशी नेमका ताप येतो. शाळा म्हणते, सक्ती नव्हतीच. गणवेशाची पँट, पांढरा सदरा आणि शाळेच्या कपाटातले रंगीत शेले एवढ्यावर लेझीम, कोळीनृत्य, समूहगान सगळे होते. शेले धुऊन पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतात. बाहेरून आणलेल्या नृत्यदिग्दर्शकाला हे आवडत नाही, कारण त्याचे पोशाखवाल्याशी ठरलेले असते. त्याच सुमारास खेळाचे आणि चित्रकलेचे तास महिनाभर तालमींत जातात, हाही हिशेब कुणीतरी ठेवावा.

हे सगळे विचारायची जागा कायद्याने दिलेली आहे. २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा आणि त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांतून, प्रत्येक इयत्तेचा एक पालक, निम्म्या महिला. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ‘कोण येतंय समितीवर?’ असे गटावर विचारून जी नावे पहिली येतात ती घेतात. मग बैठकीत फीवाढ एवढाच विषय असतो आणि उशिराची बस, हाउसचे सामने, संमेलनाचा खर्च यांवर चहाच्या वेळी कुजबुज होते. ‘उपक्रम शुल्क’ म्हणून वेगळी पावती फाडली जात असेल तर ते मंजूर शुल्कात धरले आहे का, हे समितीतल्या पालकाने जून संपायच्या आत विचारावे, जानेवारीत विचारून उपयोग नसतो.

फ्लेक्सवर मुलाचे छायाचित्र, पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी हे सगळे चौकात टांगण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत घेतलेली सरसकट संमती आम्ही संमती मानत नाही. महापालिकेची परवानगी न घेता लावलेल्या फलकावर ‘शिस्त’ हा शब्द तर नकोच.

आपल्याकडे मागणी एवढीच, की शाळांकडून आलेली यशाची बातमी घेताना वार्ताहरांनी परीक्षा किंवा स्पर्धा कोणी घेतली, कोणत्या स्तरावरची, शाळेतून किती मुले बसली किंवा खेळली, आणि त्यांतली किती पुढे गेली, हे विचारून बातमीच्या पहिल्या परिच्छेदात छापावे. दहावीच्या निकालाच्या दिवशी त्यात नववीच्या पटाचा आकडा जोडावा. जी शाळा आकडा देणार नाही तिच्यापुढे ‘माहिती दिली नाही’ असे तीन शब्द टाकावेत. प्रवेश पुरवणी डिसेंबरात निघते, तेव्हा शाळांना पत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालये बंद असतात आणि मग जाहिरात विभागाकडून आलेला मजकूरच बातमी म्हणून जातो.

आपले,
काही निवृत्त शिक्षक आणि पालक-शिक्षक संघांचे माजी सदस्य, पुणे